तिकीट काढून गावाला

चांदोलीला जायचं ठरलं तेव्हा मी तात्यांना फोन केला. तात्या म्हणजे आमच्या शाखेचे जुने खातेदार. नव्वदीच्या अखेरीस मी वारणाकाठच्या एका शाखेत अधिकारी होतो. जंगलातून उठवलेल्या गावांची माणसं मोबदल्याचे चेक घेऊन काउंटरवर येत. मुदतठेवीच्या अर्जावर तात्यांनी पत्त्याची जागा कोरी ठेवली होती. "जुना लिवू का नवा, साहेब?" मी मान वर न करता म्हणालो, "नवा."

मणदूरला तिकिटं काढली. तात्या हसले, "आपल्याच गावाला तिकीट!"

सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या डोंगरांत पसरलेलं हे सुमारे ३१८ चौरस किलोमीटरचं रान. १९८५ साली ते अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. जीप दाट झाडीत शिरली. एक शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेपावलं. खाली वसंतसागराचं पाणी चमकत होतं. झोळंबीच्या सड्यावर वारा अंगाला झोंबू लागला.

पुढच्या उतारावर गव्यांचा कळप चरत होता. मी दुर्बीण लावली. तात्यांना तिची गरज नव्हती. ते गव्यांकडे पाहतच नव्हते. गव्यांच्या पायाखालच्या पडक्या ताली ते मोजत होते. "हितं नाचणी व्हायची. त्यो आंबा आमच्या आज्यानं लावलेला."

गावं उठली, शेतं पडीक पडली, त्यांवर गवत माजलं आणि त्या गवतावर गवे आले. जंगल वाढतं ते असं. ते वाढायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बँकेत पहिला धडा शिकलो तो हा, की एका खात्यात रक्कम जमा झाली की दुसऱ्या कुणाच्या तरी नावे ती पडतेच. सह्याद्रीच्या खात्यावरची ही हिरवी जमा पाहून आपण खूश होतो. ती नावे कुणाच्या पडली, हे पान मात्र उलटत नाही.

तुम्ही चांदोलीला जरूर जा. गवा पाहा, नशिबात असेल तर बिबळ्याही दिसेल. पण रानात आंबा-फणसाची जुनी झाडं एका जागी दिसली, तर सोबतच्या वाटाड्याला एवढंच विचारा, "इथलं गाव कोणतं?"

परतताना मी तात्यांना म्हटलं, "वाईट वाटलं का?" ते बराच वेळ मागे वळून पाहत राहिले. मग म्हणाले, "चरू द्या की. वावर वाया तर न्हाई गेलं."