चौदा एप्रिल, चार वाजून सहा मिनिटं

आमच्या शाळेच्या दाराशी एक काळा फळा होता. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी चित्रकलेचे सर रंगीत खडूने त्यावर दिनविशेष लिहायचे. १३ एप्रिलला जालियनवाला बाग ठरलेली. १४ एप्रिलला सुट्टी असायची, पण बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालायला अर्धा तास शाळेत जावंच लागायचं. फळ्यावर निळ्या खडूने ठसठशीत अक्षरांत ‘१८९१, महू’ असायचं. एका वर्षी सरांनी त्याखाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली: ‘१९४४ – मुंबई गोदीत स्फोट’. अवघे तीन शब्द. मला वाटलं, एखाद्या कारखान्यात होतो तसा काहीतरी स्फोट झाला असेल.

पुढे त्या तीन शब्दांच्या मागे काय काय आहे ते वाचत गेलो, तसा अक्षरशः हबकलो. चौदा एप्रिलच्या पानावर जगाच्याही नोंदी आहेत. १८६५ साली अब्राहम लिंकन यांच्यावर वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात गोळी झाडली गेली ती याच तारखेला, आणि १९१२ साली टायटॅनिक हिमनगावर आदळली ती याच तारखेच्या रात्री. या दोन्ही गोष्टी आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. पण भाऊच्या धक्क्यापासून जवळच, मांडवी-मशीद बंदरच्या शेजारी जे घडलं, ते मुंबईत जन्म काढलेल्या माणसालाही बहुधा माहीत नसतं.

दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. एप्रिल १९४४ मध्ये जपानी फौजा इम्फाळ आणि कोहिमापर्यंत येऊन भिडल्या होत्या. मुंबई बंदर म्हणजे त्या आघाडीची रसद. बोटींची इतकी टंचाई होती की कुठलीही बोट रिकामी जागा ठेवून निघता कामा नये, असा दंडक होता. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची ७,१४२ टनांची मालवाहू बोट २४ फेब्रुवारीला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाली, ती जिब्राल्टर, पोर्ट सैदमार्गे ३० मार्चला कराचीला पोचली. तिच्या पोटात १,३९५ टन स्फोटकं आणि दारूगोळा होता. त्यातली २३८ टन स्फोटकं अतिसंवेदनशील वर्गातली. सोबत सुट्ट्या भागांत बांधलेली स्पिटफायर विमानं आणि सोन्याच्या १२४ विटा.

कराचीत काही माल उतरला आणि जागा मोकळी झाली. ती भरली कशाने? कापसाच्या ८,७०० गाठी. वर इमारती लाकूड, गंधक, राळ, वंगणतेलाची पिंपं, भंगार लोखंड आणि मासळीचं खत. मालाची ही यादी मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. एका पोटात दारूगोळा आणि त्याला लागून पेट घेणाऱ्या जवळजवळ सगळ्या वस्तू! कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांनी कराचीत कुरकुर केली होती, पण युद्धाच्या घाईत तिचा उपयोग झाला नाही. दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे बोटीच्या माल ठेवण्याच्या खणात, खाली कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर सर्वांत धोक्याची स्फोटकं, अशी रचना झाली.

१२ एप्रिलला बोट मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला लागली. शांततेच्या काळात दारूगोळ्याची बोट गोदीत घेत नसत. बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून तराफ्यांवर माल उतरवत. युद्धामुळे हा नियम सैल केला होता. स्फोटकं असलेल्या बोटीवर लाल बावटा लावायचा असतो, तोही लावला नव्हता. त्यामुळे शेजारच्या बोटींवरच्या खलाशांना आणि धक्क्यावरच्या हमालांना आपण कशाच्या शेजारी उभे आहोत याचा पत्ताच नव्हता. सुरुवातीला मासळीचं खत आणि भंगार असाच माल उतरवण्यात वेळ गेला. दारूगोळा वाट बघत बसला.

१४ तारीख, शुक्रवार. जेवणाच्या सुट्टीनंतर, दीड-दोनच्या सुमारास, कामगार फाळक्यात उतरायला परतले तेव्हा त्यांना दोन नंबरमधून धूर येताना दिसला. आसपासच्या बोटींवरच्या काहींना तो त्याआधीही दिसला होता, पण गोदीत धूर म्हणजे रोजचीच गोष्ट. कुणाच्या तरी विडी-सिगारेटची ठिणगी कापसात पडली असावी, असं पुढे मानलं गेलं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्या दुपारचे दोन तास हाच या घटनेचा गाभा आहे. कापसाची दाबून बांधलेली गाठ आतून धुमसते. वरून पाणी ओतलं तरी आतला निखारा विझत नाही. अग्निशामक दलाचे बंब आले, पाण्याच्या नळ्या सुरू झाल्या, बोटीत ९०० टनांहून जास्त पाणी गेलं. पण धूर इतका दाट की आगीचं नेमकं ठिकाणच सापडेना. त्यात पाणी चढत गेलं तशा धुमसणाऱ्या गाठी तरंगत वर सरकल्या, वर म्हणजे दारूगोळ्याच्या दिशेने. विझवायला ओतलेलं पाणीच आगीला स्फोटकांपर्यंत पोचवत होतं. बोटीच्या पत्र्यावर एका जागी रंगाला फोड आले, म्हणजे आग त्याच्यामागेच होती. तिथे पत्रा कापून पाणी मारायचं ठरलं, पण कापण्याचं यंत्र चालेना.

धक्क्यावर अधिकाऱ्यांचं एकमत होईना. दारूगोळ्याचे जाणकार अधिकारी म्हणत होते, बोट इथल्या इथे बुडवा. पण बोटीच्या तळाखाली जेमतेम काही फूट पाणी, बुडणार कुठे? गोदीचे व्यवस्थापक म्हणत होते, ओढून बाहेर समुद्रात न्या. अग्निशामक दलाच्या प्रमुखांना वाटत होतं, पाण्याचा मारा चालू ठेवला तर आग आटोक्यात येईल. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं. पण सगळ्यांवर ज्याचा हुकूम चालेल असा एकही माणूस तिथे नव्हता. कप्तान नेस्मिथ यांना तीन बाजूंनी तीन सल्ले मिळत होते. माझं स्पष्ट मत आहे की मुंबई त्या दिवशी आगीपेक्षा या अनिर्णयाने जास्त जळली.

तीन वाजून पन्नास मिनिटांनी बोट सोडून देण्याचा हुकूम झाला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला.

बोटीवर आणि धक्क्यावर नळी धरून उभे असलेले जवान जागच्या जागी गेले. त्यांच्यातल्या बहुतेकांचा देहही हाती लागला नाही. गोदीतलं पाणी लाटेसारखं उसळलं आणि त्या लाटेने ‘जलपद्म’ नावाची सुमारे चार हजार टनांची बोट उचलून तिचा मागचा भाग धक्क्यावरच्या गोदामाच्या छपरावर नेऊन ठेवला. दूर सिमल्याच्या वेधशाळेत भूकंपमापकाच्या सुया हलल्या. अर्ध्या तासाने, चार वाजून चौतीस मिनिटांनी, दुसरा स्फोट झाला. तो पहिल्याहून मोठा होता. पेटत्या कापसाच्या गाठी, लोखंडाचे लालबुंद तुकडे आणि तेलाची पिंपं आकाशात उडाली आणि गोदामांवर, झोपड्यांवर, चाळींवर येऊन पडली. बारा किलोमीटरपर्यंत खिडक्यांच्या काचा तडकल्या. जपानने बॉम्ब टाकले, असंच असंख्य लोकांना वाटलं.

सोन्याची गोष्ट बहुतेकांना आवडते, म्हणून तीही सांगतो. सुमारे पावणेतेरा किलोची एक वीट मैलभर लांब उडून एका पारशी गृहस्थाच्या घराच्या व्हरांड्यात येऊन आदळली. त्यांनी ती सरकारजमा केली. बाकीच्या विटांपैकी बऱ्याच गोदीच्या गाळात रुतल्या आणि पुढची कित्येक दशकं गाळ काढताना एखाददुसरी वर येत राहिली. मला या गोष्टीत सोन्यापेक्षा तो परत करणारा माणूस मोठा वाटतो. ज्या संध्याकाळी शहर जळत होतं, त्या संध्याकाळीही तो कुणाचं काय याचा हिशेब विसरला नव्हता.

गोदीत डझनभर बोटी बुडाल्या किंवा निकामी झाल्या. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. गोदामांतलं ५० हजार टनांच्या आसपास धान्य जळालं. आदल्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मेली होती, मुंबईत धान्यासाठी रेशनच्या रांगा होत्या. अशा वेळी हे धान्य जळून गेलं, याचा अर्थ त्या काळात रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही वेगळा समजावून सांगावा लागला नसता. सुमारे सहा हजार व्यापारी पेढ्यांना झळ बसली आणि पन्नास हजारांच्या घरात लोकांचा रोजगार गेला. पाच लाख टन ढिगारा उपसायला आठ हजार माणसं सात महिने राबत होती.

मेलेल्यांचा आकडा? गोदीतल्या आणि अग्निशामक दलाच्या मिळून २३१ जणांची नोंद झाली, त्यातले ६६ जण आग विझवणारे होते. बाहेरचे नागरिक पाचशेहून अधिक. काही अंदाज तेराशेपर्यंत जातात. एवढी तफावत का, हे समजून घ्यायचं तर त्या वेळची गोदी डोळ्यांसमोर आणायला हवी. माल चढवणारा-उतरवणारा बहुसंख्य मजूर रोजंदारीवर. कोकणातून, घाटावरून, देशावरून आलेला. सकाळी टोळीवाल्यापुढे उभं राहायचं, निवड झाली तर त्या दिवसाचं काम, नाही तर परत. ज्याचं नाव कायमच्या हजेरीपटावर नाही, तो संध्याकाळी घरी आला नाही तर त्याची नोंद करणार कोण? गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला तो १९४८ साली, म्हणजे या स्फोटानंतर चार वर्षांनी.

म्हणूनच, फळ्यावर एकाखाली एक आलेल्या त्या दोन नोंदी, बाबासाहेबांचा जन्म आणि गोदीतला स्फोट, मला वेगळ्या वाटत नाहीत. १४ एप्रिल १९४४ ला बाबासाहेबांना ५३ वर्षं पूर्ण झाली. त्या वेळी ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, आणि कामाचे तास, विमा, किमान वेतन हे त्या खात्याचे विषय होते. त्यांच्या वाढदिवशीच मुंबईत सर्वांत जास्त होरपळला तो हजेरीपटाबाहेरचा मजूर, हे लक्षात घेऊन तो दिवस वाचला की फळ्यावरची वरची ओळ खालच्या ओळीला अर्थ देते.

आणि हे सगळं लोकांना कळलं केव्हा? सरकारने युद्धाच्या नावाखाली बातमीवर बंदी घातली. धुराचे लोट शहरभर दिसत होते, पण सविस्तर छापायला मनाई होती. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने १५ एप्रिललाच तपशिलाने बातमी दिली. इथल्या वार्ताहरांना परवानगी मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. आपल्याच गावातल्या मरणाची बातमी शत्रूच्या रेडिओवर ऐकावी लागणं, यासारखं अपमानास्पद दुसरं काय असेल? ही घटना आपल्या आठवणीत पुसट राहिली, याचं एक मूळ मला त्या बंदीत दिसतं. पहिले काही आठवडे ज्या दुःखाबद्दल मोठ्याने बोलता आलं नाही, ते पुढे बोललंच गेलं नाही.

ज्यांनी ते धरून ठेवलं ते आग विझवणारेच. १४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो, तो त्या ६६ जणांच्या स्मरणार्थ. दलाचे जवान कचेऱ्यांत येतात, खिशावर कागदाचा छोटासा झेंडा टोचतात, डबी पुढे करतात. आपण नाणं टाकतो आणि झेंडा कशाचा हे न विचारता दुपारी तो काढून ठेवतो. भायखळ्याला दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. दरवर्षी चौदा तारखेला तिथे मानवंदना होते.

व्हिक्टोरिया गोदीत आता पाणी नाही. ती आणि शेजारची प्रिन्सेस गोदी अशा दोन्ही भराव टाकून बुजवल्या गेल्या आहेत. त्या जागी जाऊन पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून शब्दांवरच भिस्त.

दिनविशेष लिहिणाऱ्या सगळ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. येत्या १४ एप्रिलला फळ्यावर १८९१ लिहून झालं की खाली १९४४ लिहा, आणि ‘मुंबई गोदीत स्फोट’ एवढ्यावर थांबू नका. पुढे एवढंच जोडा: ‘६६ अग्निशामक जवान, आणि नावं न लिहिली गेलेले शेकडो मजूर.’ खडूच्या एका कांडीत एवढा मजकूर नक्की मावतो.