सर्व्हरमध्ये प्रोसेसर नेमके किती?

बँकेच्या खात्यांचा असो की रेल्वेच्या आरक्षणाचा, डेटाबेस सांभाळणाऱ्या सर्व्हरविषयी एक प्रश्न हमखास निघतो: यात प्रोसेसर किती? प्रश्न वरकरणी बालवर्गातला वाटतो. परंतु एकाच यंत्राविषयी तिघे जाणकार २, १६ आणि ३२ अशी तीन उत्तरे देतात, आणि तिघेही खरे बोलत असतात.

लग्नघराचे दोन मुदपाकखाने डोळ्यांपुढे आणावेत. प्रत्येकात आठ आचारी, प्रत्येक आचाऱ्यापुढे दोन चुली. मुदपाकखाना म्हणजे सॉकेट, चिप बसविण्याची जागा. आचारी म्हणजे कोअर, प्रत्यक्ष गणित करणारा गाभा. चूल म्हणजे थ्रेड. एका चुलीवर डाळ शिजेपर्यंत आचारी दुसरीवर फोडणी देतो, हात रिकामे राहत नाहीत. तथापि चुली दोन म्हणून आचारी दोन होत नाहीत. इंटेलने ही युक्ती २००२ साली हायपर-थ्रेडिंग या नावाने आणली. अनुकूल कामात तिने पंचवीस-तीस टक्के काम अधिक उरकते. दुप्पट मात्र कधीच नव्हे.

संगणकाची कार्यप्रणाली सहसा चुली मोजते. लिनक्समध्ये सीपीयूइन्फो नावाच्या यादीत प्रत्येक थ्रेडला एक परिच्छेद मिळतो, आणि क्रमांक शून्यापासून असल्याने शेवटचा ३१ दिसला तर थ्रेड ३२ समजावेत. त्याच परिच्छेदांत सॉकेटचा व कोअरचा क्रमांक असतो. कोअरचा क्रमांक प्रत्येक सॉकेटात पुन्हा येऊ शकतो, म्हणून दोन्हींची जोडी पाहावी. तीच जोडी दोनदा आली तर त्या दोन चुली एकाच आचाऱ्याच्या. एलएससीपीयू ही आज्ञा हा हिशेब आयताच मांडते.

ही चूक महागात पडते. ऑरेकलच्या डेटाबेसमधील सीपीयू-काउंट हा आकडा वरील यंत्रावर ३२ दाखवितो; परवान्याचा हिशेब मात्र थ्रेडवर होत नाही. एंटरप्राइज आवृत्तीत कोअर मोजून इंटेलसाठी अर्ध्याने गुणतात: सोळाचे आठ. जो ३२ धरून बसला तो सोळा परवाने, म्हणजे दुप्पट, विकत घेतो.

आभासी यंत्रात गोष्ट याहून फसवी. तेथे पाहुण्या यंत्राला यजमान सांगेल तीच रचना दिसते. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची २०२२ ची स्टँडर्ड आवृत्ती चार सॉकेट किंवा २४ कोअर, यांत जे कमी असेल तेवढेच वापरते. एखाद्याने आठ प्रोसेसर एकेका कोअरचे आठ सॉकेट म्हणून मांडले, तर त्यांतले चार नुसते बसून राहतात, आणि इकडे लोक यंत्र मंद म्हणून कुरकुरतात. तेच आठ कोअर दोन सॉकेटांत चार-चार करून यंत्र पुन्हा सुरू केले, की एक पैसाही न खर्चता आठही कामाला लागतात.