चाक मोठे की लहान?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या भाचीला शाळेसाठी सायकल घ्यायची होती. घर वाडीवर, शाळा खाली गावात. मध्ये दीड कोसाचा रस्ता, तोही अर्धा डांबराचा नि अर्धा खडीचा. दुकानदाराने जाड टायरांची एक उंच सायकल पुढे काढली आणि म्हणाला, "ही एकोणतीस इंची. आता सगळे हीच नेतात. चाक मोठं तेवढी सायकल चांगली." मी पैसे मोजले. मुलगी बारा वर्षांची, उंची साडेचार फूट. सीट अगदी खाली केली तरी तिचे पाय जेमतेम टेकत. तिसऱ्या दिवशी उतारावर, खडीत थांबायला गेली नि आडवी झाली. हाड मोडले नाही एवढेच, पण कोपर सोलून निघाले. मला म्हणाली, "मामा, सायकल चांगली आहे हो, पण ती माझी नाही."

तेव्हापासून हे चाकाचे प्रकरण मी जरा खोलात जाऊन पाहिले. मौज अशी की, दुकानदार जे एका वाक्यात सांगून मोकळा झाला, त्यावर अमेरिकेत आणि युरोपात जाणती माणसे वीस-पंचवीस वर्षे भांडत आली आहेत. त्या भांडणात आपल्या उपयोगाचे पुष्कळ आहे.

प्रथम ही सायकल आली कोठून ते पाहू. जाड, खाचांचे टायर असलेल्या या गाडीला माउंटन बाइक म्हणतात. आपण तिला डोंगरी सायकल म्हणू. तिचा जन्म अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात झाला. तेथे टॅमलपायस नावाचा डोंगर आहे, आणि वणवा विझवायला जाणाऱ्या गाड्यांसाठी त्यावर कच्चे रस्ते काढलेले आहेत. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण पोरांना त्या रस्त्यांवरून सायकलने भरधाव खाली येण्याचा नाद लागला. हाताशी सायकली कोणत्या? तर भंगारात पडलेल्या जुन्या श्विन कंपनीच्या. शिकागोच्या या कारखान्याने १९३३ साली फुगीर टायरांची दणकट सायकल काढली होती, आणि तिचे चाक होते २६ इंची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी या पोरांनी पहिली रीतसर शर्यत लावली. तिचे नाव 'रिपॅक'. उतार इतका की पायडल उलटे दाबून लागणाऱ्या ब्रेकचे ग्रीस जळून धूर निघे, आणि एका फेरीनंतर मागचा तुंबा उघडून ग्रीस पुन्हा भरावे लागे. पुन्हा भरणे म्हणजेच रिपॅक.

पुढे जो ब्रीझ, टॉम रिची, गॅरी फिशर यांनी खास डोंगरासाठी सायकली बांधायला घेतल्या, तेव्हा चाक तेच २६ इंची राहिले. का? जाड टायर आणि दणकट रिमा त्याच मापात मिळत होत्या म्हणून. फिनलंडहून बर्फावरचे टायर मागवून मोठी चाके करून पाहण्याचा प्रयत्नही झाला, पण टायर पुरेसे मिळेनात. तेव्हा नीट ध्यानात घ्या : २६ इंच हे माप कोणी कागदावर हिशेब मांडून ठरवलेले नव्हते. वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोरांच्या सायकलीवरून ते आले आणि रूढ झाले. गाडीची चाके एकदा ज्या वाटेने गेली, तीतूनच पुढच्या सगळ्या गाड्या जातात. चाकोरी हा शब्द आपल्याकडे उगाच नाही.

ही चाकोरी मोडली ती टायरनेच. १९९९ च्या सुमारास मोठ्या रिमेवर बसणारा, डोंगरात चालेल असा जाड टायर अमेरिकेत निघाला, आणि मग २९ इंची चाकाची सायकल बांधणे शक्य झाले.

आता मोठ्या चाकाने होते काय? यासाठी परदेशी जायला नको. आपल्या बैलगाडीचे चाक चार-चार, पाच-पाच फूट उंच का केले जाई? लहान चाक करणे सुताराला सोपे, लाकूड कमी, लोहाराची धावही लहान. तरी चाक मोठेच. कारण वाटेत धोंडा आला की लहान चाक त्याला जवळजवळ समोरून धडकते. मोठे चाक त्याच धोंड्याला अंमळ वरून टेकते आणि चढून जाते. खड्ड्याचेही तसेच. लहान चाक खड्ड्यात उतरते, मोठे चाक दोन्ही काठांवर टेकून खड्डा बराचसा टाळते.

पण फरक केवढा, हे मोजून पाहिले पाहिजे, नाहीतर आपणही त्या दुकानदारासारखेच बोलू लागू. सव्वादोन इंची टायर धरला, तर २६ च्या चाकाची टायरसकट उंची सुमारे ६७ सेंटिमीटर भरते आणि २९ च्या चाकाची सुमारे ७३.५. समोर दहा सेंटिमीटर उंचीचा धोंडा आहे, चाक त्याला टेकून उभे आहे, आणि ते सरळ पुढे ढकलून वर चढवायचे आहे. हिशेब केला तर मोठ्या चाकाला लागणारा जोर शेकडा सात हिश्शांनी कमी निघतो. बस्स, सातच. अडलेली गाडी फुलासारखी वर जाते असे काही नव्हे. मात्र एका फेरीत धोंडे, मुळ्या, खळगे मिळून हजारदा हा सात हिश्शांचा फायदा पदरात पडतो, आणि माणूस तेवढा कमी थकतो. चढावर, लांबच्या पल्ल्यात याची बेरीज मोठी होते.

मोठ्या चाकाविरुद्ध पहिली तक्रार अशी की, ते फिरायला जड, लवकर वेग घेत नाही. गुरुजींनी आणि बाईंनी येथे वर्गात एक गंमत करून दाखवावी. एक धातूची बांगडी घ्या, आणि जाळी फाटलेल्या जुन्या चाळणीचे नुसते कडे घ्या. एक फळी तिरपी लावा, दोन्ही वरच्या टोकाला एका रेघेवर धरा आणि एकदम सोडा. मुलांना आधी विचारा, कोण पहिले येईल? निम्मी पोरे मोठ्याचे नाव घेतील, निम्मी लहानाचे. दोन्ही जवळजवळ बरोबर खाली येतात! मोठे कडे सावकाश गरगरते, पण एका गरक्यात अंतर जास्त कापते, त्यामुळे हिशेब फिटतो. तेव्हा नुसत्या मोठेपणामुळे चाक मठ्ठ होत नाही. आता फळीच्या पायथ्याशी एक पेन्सिल आडवी चिकटवून पुन्हा सोडा. बांगडी अडखळेल, कडे ओलांडून जाईल. एका फळीवर अर्धा वाद उलगडतो.

मग तक्रार खोटी का? तसेही नाही. मोठ्या चाकाला रिम लांब, टायर लांब, आरे लांब, म्हणून वजन वाढते, आणि ते वजन दर वळणानंतर पुन्हा वेगात आणावे लागते. फिरते मोठे चाक दिशा बदलायलाही थोडे नाखूष असते. आरे लांब असल्याने बाजूच्या धक्क्याला ते अधिक लवते. शिवाय पायडलच्या एका फेऱ्यात २९ ची गाडी २६ च्या गाडीपेक्षा शेकडा नऊ हिश्शांनी पुढे जाते. सपाटीवर हे बरे वाटते, पण गिअर तेच ठेवले तर चढावर तेवढाच जोर पायांना जास्त लागतो. गिअर नसलेली २९ इंची सायकल घेऊन घाट चढणाऱ्या पोराला हे मी सांगायला नको.

या दोहोंच्या मधला म्हणून २७.५ इंची, साडेसत्तावीसचा, पक्ष उभा राहिला. फ्रान्समध्ये लांबच्या सफरीच्या सायकलींना हे माप फार पूर्वीपासून होते. २०१२ साली हा सामना अगदी रंगला. मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्ग येथे विश्वचषक मालिकेतली शर्यत स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरने साडेसत्तावीसच्या चाकांवर जिंकली. ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिकची शर्यत एसेक्समधील हॅडली फार्मवर झाली. शेवटच्या वळणापर्यंत दोघे एकमेकांना चिकटून : मध्यम उंचीचा शुर्टर साडेसत्तावीसवर, आणि उंचापुरा चेक स्वार यारोस्लाव्ह कुल्हावी एकोणतीसवर. कुल्हावी एका सेकंदाने जिंकला. एकोणतीसवाल्यांनी जल्लोष केला. पण दीड तास झुंजून एका सेकंदाचा फरक पडला, तर तो चाकाचा म्हणायचा की मांड्यांचा? मला विचाराल तर या शर्यतीने काहीच सिद्ध झाले नाही. मात्र २०१६ साली रिओमध्ये शुर्टरने सुवर्णपदक मिळवले तेव्हा तोही एकोणतीसवर होता आणि कुल्हावी दुसरा आला, हेही सांगायला हवे. आज त्या प्रकारच्या मोठ्या शर्यतींत बहुतेक सगळे एकोणतीसच वापरतात.

केवळ उताराच्या शर्यतीत मोठे चाक उशिरा शिरले. २०१७ साली स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमची शर्यत ग्रेग मिनारने २९ च्या चाकांवर जिंकली, तेव्हा पुष्कळांचे डोळे उघडले. परंतु मिनार चांगलाच उंच. बुटक्या स्वारांना तीव्र उतारावर अंग मागे न्यावे लागते, आणि मग मागचे मोठे चाक बैठकीला घासते. त्यावर तोड निघाली ती फार साधी : पुढे २९, मागे २७.५. पुढचे धोंडे ओलांडील, मागचे अंगाला जागा देईल. शर्यतीत दोन मापांची चाके लावायला जागतिक सायकल संघाने २०१९ साली मोकळीक दिली, आणि आज उतारावर हीच जोडी पुष्कळांच्या पसंतीची आहे. म्हणजे कोणते चाक चांगले असे भांडता भांडता मंडळी दोन्ही चाके एकाच गाडीला लावून बसली.

या गडबडीत मारले गेले ते बिचारे २६ इंची चाक. २०१३-१४ च्या सुमारास मोठ्या कारखान्यांनी महागाच्या डोंगरी सायकलींतून ते काढून टाकले. धडधाकट गाड्या जुन्या ठरल्या. तिकडे त्यांच्यासाठी चांगला टायर शोधत फिरावे लागते, हे मला काही शहाणपणाचे वाटत नाही. आपल्याकडे स्वस्त सायकलींत २६ चे माप अजून चालते, आणि त्याचे टायर-ट्यूब तालुक्याच्या गावी सहज मिळतात. सायकल घेताना हा विचार कोणी बोलून दाखवत नाही, पण पंक्चर काही पुण्या-मुंबईत होत नाही.

मापाच्या नावांवर मात्र जाऊ नका, ती फसवी आहेत. २६ च्या रिमेवर टायर जेथे बसतो तो व्यास ५५९ मिलिमीटर, साडेसत्तावीसचा ५८४, एकोणतीसचा ६२२. म्हणजे साडेसत्तावीस बरोबर मधोमध नाहीच, ते सव्वीसच्या अधिक जवळ आहे. आणि आपल्या दूधवाल्याची ती काळी, २८ इंची, दीड इंच टायरची सायकल? तिच्या रिमेचा हाच व्यास ६३५! एकोणतीसहून तेरा मिलिमीटर जास्त. टायर बारीक म्हणून नाव लहान. आपले आजोबा एकोणतीसपेक्षा मोठ्या रिमेवर भाताची पोती वाहत होते आणि त्याचा त्यांना पत्ता नव्हता. म्हणून टायर आणायला जाल तेव्हा जुन्या टायरच्या बाजूला कोरलेले आकडे उतरवून न्या. ५७-५५९ किंवा ४०-६३५ असे काही दिसेल. पहिला आकडा टायरच्या जाडीचा, दुसरा रिमेचा. दुसरा आकडा जुळला नाही तर इंच जुळूनही टायर बसणार नाही. बायकांच्या सायकलीचे पुष्कळदा आढळणारे २६ इंची चाक ५९० चे असते. त्याचा टायर डोंगरी २६ वर चढवायला जाल तर तो सैल पडेल.

राहता राहिला अंगाचा प्रश्न, आणि मुलांच्या बाबतीत तोच पहिला. चाक मोठे झाले की आस वर जाते. २६ आणि २९ मध्ये ती सुमारे तीन सेंटिमीटर वर जाते, आणि तिच्याबरोबर हँडलही वर सरकते. मोठ्या माणसाला हे कळतही नाही. साडेचार फुटांच्या मुलीला मात्र गाडी वळवताना खांदे ताणावे लागतात. सांगाडा आखूड केला तर वळताना बूट पुढच्या चाकाला लागतो. दुकानात मुलाला सीटवर बसवा, दोन्ही पायांचे चवडे जमिनीला लागतात का पाहा. मग खाली उतरवून सांगाड्याच्या दांडीवर उभे करा. दांडी नि अंग यांत दोन बोटे तरी जागा हवी. 'पोर वाढेल' म्हणून सदरा मोठा शिवतात. सायकलीला ब्रेक असतात आणि रस्त्यावर ट्रक, तेथे ती काटकसर चालत नाही.

आमच्या भाचीला मग २६ इंची घेतली. मोठी सायकल तिच्या दादाकडे गेली. गेल्या दिवाळीत मी वाडीवर गेलो तेव्हा मुलगी माझ्या कानाच्या वर गेलेली. चहाचा कप हातात देऊन म्हणाली, "मामा, आता माझे पाय टेकतात. दादाकडनं ती मोठी परत घेऊ का?"