फिरत्या घराचा सौर जमाखर्च

घराला चाके लावून देश पाहण्याची हौस युरोप-अमेरिकेत जुनी आहे. आपल्याकडे ती अलीकडे रुजू लागली आहे. महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. निजण्याची, स्वयंपाकाची सोय असलेल्या अशा वाहनास कॅम्परव्हॅन म्हणतात. दिवसभराच्या प्रवासानंतर गाडी मुक्कामाला थांबली, की दिवा, पंखा, फ्रिज यांसाठी वीज लागते. ती इंजिनाच्या बॅटरीतून घेत राहिल्यास सकाळी गाडी सुरू न होण्याची नामुष्की ओढवते. म्हणूनच स्वतंत्र बॅटरी आणि तिला भरणारे छतावरील सौर पॅनेल हा मार्ग पुढे येतो.

हे काम हौशी माणसाला स्वतः करता येण्याजोगे आहे. मात्र त्याचा आरंभ पॅनेलच्या खरेदीने नव्हे, तर वही-पेन्सिलीने व्हावयास हवा. बॅटरी हे खाते, सूर्यप्रकाश ही जमा आणि उपकरणे हा खर्च, असे मानले म्हणजे सारे गणित बँकेच्या खातेदारास सहज उमगेल.

आधी खर्चाची बाजू

उपकरणाचे वॅट आणि ते चालण्याचे तास यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. एका जोडप्याच्या व्हॅनचे उदाहरण घेऊ. १२ व्होल्टचा लहान फ्रिज चालू असताना ४५ वॅट घेतो आणि थांबत-थांबत दिवसातून सुमारे १० तास चालतो, असे धरल्यास ४५० वॅट-तास होतात. २० वॅटचा पंखा आठ तासांचे १६०, लॅपटॉप १००, ५ वॅटचे तीन एलईडी दिवे चार तासांचे ६०, दोन मोबाइल ३० आणि पाण्याचा पंप १०. एकूण ८१० वॅट-तास.

याच हिशेबातून मोहाचे एक उपकरण उघडे पडते. १,८०० वॅटची इंडक्शन शेगडी केवळ अर्धा तास वापरली तरी ९०० वॅट-तास जातात. म्हणजे फ्रिज-पंख्यासह साऱ्या दिवसाच्या खर्चाहून अधिक! वातानुकूलन यंत्राचीही तीच गत. मर्यादित छतावर सौरऊर्जेचे खाते टिकवावयाचे तर उष्णता निर्माण करणारी आणि गारवा देणारी मोठी उपकरणे त्यातून वगळावी लागतात.

जमेची बाजू

भारताच्या बहुतांश भागात दर चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ४ ते ७ किलोवॅट-तास इतकी सौरऊर्जा पडते. हिशेबासाठी दिवसाचे साडेचार तास पूर्ण तीव्रतेचे ऊन धरू. २०० वॅटच्या पॅनेलपासून कागदावर ९०० वॅट-तास मिळतील. परंतु उष्णता, धूळ, तारांतील घट यांपोटी सुमारे तीस टक्के वजा करणे शहाणपणाचे. उरतात ६३०, म्हणजे खाते दररोज तुटीत. ३०० वॅटचे पॅनेल घेतल्यास ९४५ वॅट-तास मिळून किंचित शिल्लक पडते. त्यासाठी छतावर सुमारे दीड चौरस मीटर मोकळी जागा हवी.

छतावर पॅनेल आडवे बसते, याचाही परिणाम होतो. डिसेंबरच्या मध्यान्ही मुंबईत सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, दिल्लीत जेमतेम ३८ अंशांवर. जितके उत्तरेस जावे, तितके हिवाळी ऊन आडव्या पॅनेलवर तिरके पडते आणि जमा घटते. पावसाळ्यात तर ती फारच रोडावते. अशा वेळी चालत्या इंजिनाच्या अल्टरनेटरमधून दुसरी बॅटरी भरणारा डीसी-टू-डीसी चार्जर उपयोगी पडतो. ३० ॲम्पिअरचा चार्जर दोन तासांच्या प्रवासात सुमारे ७०० वॅट-तासांची भर घालतो.

शिल्लक किती ठेवावी?

दोन दिवस ऊन पडलेच नाही, तरी निभावले पाहिजे असे ठरवले, तर १,६२० वॅट-तासांची तरतूद हवी. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून दुप्पट क्षमता, म्हणजे १२ व्होल्टची २७० ॲम्पिअर-तासांची बॅटरी लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत निःशंक वापरता येते. तिची १६० ॲम्पिअर-तास क्षमता पुरते, वजनही कितीतरी कमी असते. किंमत अधिक असली, तरी तिचे आयुष्य पाहता ती बहुधा परवडते. मात्र शून्य अंशाखालील तापमानात ती भरली तर तिची कायमची हानी होते. लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी थंडीत भरणा आपोआप थांबवणारी बॅटरी निवडावी.

मधला पहारेकरी

पॅनेल बॅटरीला थेट जोडत नाहीत. मध्ये प्रभार नियंत्रक, म्हणजेच चार्ज कंट्रोलर, असतो. ३६ घटांचे पॅनेल सुमारे १८ व्होल्टला सर्वाधिक शक्ती देते; बॅटरी मात्र १२ ते १४ व्होल्टवर असते. पीडब्ल्यूएम प्रकारचा स्वस्त नियंत्रक पॅनेलला बॅटरीच्या पातळीवर खेचतो आणि मधला फरक वाया जातो. एमपीपीटी प्रकारचा नियंत्रक जादा व्होल्टचे ॲम्पिअरमध्ये रूपांतर करतो. ३०० वॅटला १२ व्होल्टवर २५ ॲम्पिअर होतात. तेव्हा ३० ॲम्पिअरचा नियंत्रक योग्य.

१५० वॅटची दोन पॅनेले एकापुढे एक जोडल्यास भार नसतानाचा दाब सुमारे ४४ व्होल्ट होतो. थंडीत तो आणखी वाढतो. उणे पाच अंशांवर ४८ च्या आसपास जातो. नियंत्रकाची कमाल मर्यादा त्याहून पुरेशी वर हवी.

छतावरील काम

पॅनेल आणि छत यांत तीन ते पाच सेंटिमीटर अंतर राखावे. खालून वारा खेळला नाही तर पॅनेल तापते, आणि तापलेले पॅनेल कमी वीज देते. हवा खेळवणाऱ्या पंख्याच्या झाकणाची वा सामानाच्या कठड्याची सावली पॅनेलवर पडणार नाही, अशी जागा निवडावी. एका कोपऱ्यावरील सावलीनेही उत्पन्न बरेच घटते. महामार्गावरील वारा पॅनेल उचलू पाहतो आणि खडबडीत रस्ते बोल्ट सैल करतात. म्हणून वाहनांसाठीचा पॉलियुरेथेन चिकटपदार्थ आणि गंजरोधक बोल्ट, दोन्ही वापरावेत. छिद्र पाडल्यावर त्याच्या उघड्या कडेला गंजरोधक रंग लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. तारा आत घेण्यासाठी जलरोधक ग्रंथी बसवावी आणि पहिल्या लांब प्रवासापूर्वी छतावर पाणी ओतून गळती तपासावी.

जोडणी आणि सुरक्षा

१२ व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ही वीज निरुपद्रवी वाटते. धोका वेगळाच आहे. घट्ट बसवलेल्या सामानाखाली तार घासून उघडी पडली, की बॅटरीतून क्षणात शेकडो ॲम्पिअर वाहतात, तार लाल होते आणि लाकडी फळ्या-गाद्यांनी भरलेली गाडी पेट घेते. यावर उपाय एकच: बॅटरीच्या धन टोकालगत, शक्य तितक्या जवळ, फ्यूज. नियंत्रक ते बॅटरी या मार्गावर १० चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि ४० ॲम्पिअरचा फ्यूज वरील उदाहरणास पुरेसा आहे. उपकरणांच्या प्रत्येक शाखेला तिचा वेगळा फ्यूज हवा. गॅस सिलिंडर आणि बॅटरी एका कप्प्यात कदापि ठेवू नयेत.

उजेड असेतोवर पॅनेल वीज निर्माण करतच असते; त्यामुळे काम करताना त्यावर जाड चादर टाकावी. नियंत्रकाला प्रथम बॅटरी जोडावी, नंतर पॅनेल. काढताना क्रम नेमका उलटा. २३० व्होल्टचा इन्व्हर्टर बसवावयाचा असल्यास मात्र हौस आवरून परवानाधारक वीजतंत्रज्ञाला बोलवावे.

कायदा, विमा आणि अनुदान

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निर्णयात हे तत्त्व अधोरेखित केले. म्हणून छताला हात लावण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे चौकशी करावी आणि विमा कंपनीला बदलाची लेखी माहिती द्यावी. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर दावा अडचणीत आला, तर विजेवर वाचवलेले सारे पैसे एका फटक्यात जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेचे अनुदान वीजजाळ्याशी जोडलेल्या निवासी छतांसाठी आहे; वाहनाच्या छताला ते मिळत नाही, हेही अंदाजपत्रक मांडताना ध्यानी असावे.

सारे बसवून झाल्यावर पहिला आठवडा गाडी घराजवळच उभी ठेवून वापरावी. नियंत्रकावर दिसणारी दिवसाची जमा आणि सकाळची बॅटरीची पातळी रोज वहीत लिहावी. सात दिवसांच्या नोंदींत पातळी उतरत गेली, तर दूरच्या प्रवासाला निघण्यापूर्वी एखादा खर्च कमी करावा किंवा छतावर जागा असल्यास पॅनेल वाढवावे. स्थिर राहिली, तर खाते सुस्थितीत आहे आणि गाडी प्रवासाला सज्ज आहे.