पावडर घ्यावी पारखून, ठेवावी कोरडी

आम्ही कपड्याचे व्यापारी. थान उलगडून पोत पाहणे हा आमचा धंदा. पावडरीशी संबंध आला तो भाच्यामुळे. त्याने पिंपळनेरात दातांच्या कॅप बनविण्याची छोटी लॅब टाकली, भांडवलात आमचाही हिस्सा आहे. तेथे मायक्रो ब्लास्टिंगचे यंत्र आहे. दाबाखालची हवा बारीक नोझलमधून पावडर फेकते, धातूचा किंवा झिर्कोनियाचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि त्यावरची पुढची जोडणी घट्ट बसते.

पहिल्याच पावसाळ्यात नोझल तुंबू लागले. मेकॅनिक दोनदा आला, यंत्रात दोष निघाला नाही. स्वस्तात घेतलेल्या सुट्या पावडरीचे पोते भिंतीला टेकून फरशीवर उघडे होते. हात आत घातला तर गठ्ठे! "मामू, वरून तर चांगली दिसत होती," भाचा म्हणाला. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला व बोटांना ओल लागली, हा प्रसंग आमच्या वाचकांना सांगायला नको. दुकानदाराने ओली दिली की आमच्या फरशीने केली, हे आता कोण सांगणार? घेताना हात आम्हीही घातला नव्हता.

आता निवडीचे. मुख्य माल ॲल्युमिनियम ऑक्साइड. तपकिरीपेक्षा पांढरा अधिक शुद्ध, दातांच्या कामाला तोच घ्यावा. धातूसाठी सहसा ११० मायक्रॉन, झिर्कोनियासाठी ५० मायक्रॉन आणि कमी दाब, साधारण २ बार. जाड दाणा किंवा जास्त दाब वापरल्यास झिर्कोनियात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. अशी कॅप नंतर तोंडात फुटते आणि नाव लॅबचे जाते. चकाकीसाठी काचेचे मणी. नाजूक साफसफाईला सोडा बायकार्बोनेट, तो फारच मऊ. एकदा धातूवर मारलेली पावडर गोळा करून झिर्कोनियावर वापरू नये, धातूचे कण चिकटतात. ही काटकसर महाग पडते.

नदीची वाळू चाळून वापरण्याचा सल्ला कोणी देईल. मुळीच ऐकू नये. तिच्यातील सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरे करणारा इलाज नाही. आमच्याच कापड धंद्यातले उदाहरण आहे. जीन्स जुनी दिसावी म्हणून तुर्कस्तानात तिच्यावर वाळू मारीत. कितीतरी तरुण कामगार या रोगाने गेले, तेव्हा २००९ मध्ये त्या सरकारने बंदी घातली. ती फिकट पँट आम्हीही हौसेने विकली होती. पावडर कोणतीही असो, काम बंद पेटीतच करावे, धूळ ओढणारा पंखा चालू ठेवावा.

साठवणीला खर्च नाही, शिस्त लागते. घट्ट झाकणाचा डबा, खाली लाकडी फळी, भिंतीपासून वीतभर अंतर. डब्यावर माल, मायक्रॉन आणि खरेदीची तारीख लिहावी. दोन मापे एकत्र करू नयेत, जुना डबा आधी संपवावा. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी रोज सोडावे, नाहीतर कोरडी पावडरही नळीत ओली होते. ॲल्युमिनियम ऑक्साइड दमट झाले तर भट्टीत वाळवून, थंड करून, चाळून पुन्हा चालते. सोड्याला मात्र उष्णता द्यायची नाही. सुमारे ५० अंशांपुढे तो विघटू लागतो आणि स्वतःच पाणी सोडतो. खानदेशी उन्हाळ्यात पत्र्याखाली तेवढी उष्णता सहज होते. भाच्याने सोड्याचा डबा मार्चमध्येच पत्र्याच्या खोलीतून उचलून आमच्या दुकानामागच्या माळवदाच्या खोलीत, लट्ठ्याच्या गाठींशेजारी ठेवला आहे.