देशच सरकला, बांध कुणाचा?

भूकंपाचा पहिला आकडा आला ७.९. मग ८.४, मग ८.८ आणि दोन दिवसांनी ९.०. जपानच्या हवामान संस्थेला गणित येत नव्हतं असं नाही; हादराच एवढा की देशातली संवेदनशील भूकंपमापकं मोजण्याच्या मर्यादेपलीकडे गेली. ७.९ आणि ९.० यांत अंतर दिसतं एका अंकाचं, पण ऊर्जेचा फरक सुमारे ४५ पट. तारीख ११ मार्च २०११, ठिकाण ईशान्य जपानचा समुद्र. मृत आणि बेपत्ता मिळून १८ हजारांवर माणसं गेली, बहुतेक त्सुनामीत.

जपानच्या ओशिका द्वीपकल्पावरचं जीपीएस केंद्र ५.३ मीटर पूर्वेला सरकलं, शिवाय १.२ मीटर खालीही बसलं. समुद्रातल्या खोल खंदकाजवळचा तळ तर ५० मीटरच्या आसपास हलला. खरी सरकारी पंचाईत टोकियोत: देशाच्या मोजणीचा मूळ बिंदूच सुमारे २७ सेंटिमीटर पूर्वेला! ऑक्टोबरमध्ये त्याचे अधिकृत आकडे बदलावे लागले. आपल्याकडे वीतभर बांध कोरला तरी पिढ्या कोर्टात जातात. इथे अख्खा तालुकाच सरकलेला, तक्रार कुणाविरुद्ध करणार?

दिवसही आखूड झाला. नासाच्या रिचर्ड ग्रॉस यांचं गणित सांगतं, १.८ मायक्रोसेकंदांनी. त्यापायी कुणाची ८.१२ची लोकल चुकणार नाही.

सगळ्यात अजब प्रकार नॉर्वेत. भूकंपानंतर जेमतेम अर्धा तास झालेला, तिथे सकाळ. वारा नाही, वादळ नाही, तरी फ्योर्डमधलं पाणी दीड मीटरपर्यंत वरखाली व्हायला लागलं. लोकांनी मोबाइल काढून चित्रण केलं आणि पुढे संशोधकांना तेच कामी आलं. ही त्सुनामी नव्हती. जमिनीतून धावत आलेल्या भूकंपलहरींनी अरुंद खाडीतलं पाणी झुलवलं होतं. त्सुनामी दुसऱ्याच वाटेने निघाली होती. सुमारे १८ तासांनी, १३ हजार किलोमीटरवर, तिने अंटार्क्टिकातल्या सल्झबर्गर हिमपटलाचे तुकडे पाडले.

आकाशही सुटलं नाही. अडीचशेहून जास्त किलोमीटर उंचीवरच्या ‘गोचे’ या युरोपीय उपग्रहाने विरळ हवेतून पोचलेल्या भूकंपाच्या ध्वनिलहरी टिपल्या. आणि त्सुनामीने ओढून नेलेली एक हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकल, कंटेनरात बसून, फुकटात प्रशांत महासागर ओलांडून कॅनडाच्या किनाऱ्याला लागली. आता ती अमेरिकेत, मिलवॉकीच्या संग्रहालयात आहे.

जपानच्या बुलेट ट्रेनचं, शिंकान्सेनचं काय? किनाऱ्यावरच्या भूकंपमापकांनी इशारा देताच वीज तुटली, ब्रेक लागले. प्रवासी असलेली एकही गाडी रुळांवरून घसरली नाही. घसरली ती सेंदाईजवळ चाचणीवर निघालेली रिकामी गाडी. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठीही जपानी धर्तीवर २८ भूकंपमापकं ठरली आहेत. त्यातली काही मार्गापासून चांगलीच लांब: खेड, रत्नागिरी, पांगरी आणि लातूर.