सुरखी : भाजलेल्या मातीचा दुसरा उपयोग



मी आयुष्यभर मराठी शिकविले. सिमेंटविषयी बोलण्याचा माझा अधिकार एका शब्दापुरताच आहे. तो शब्द म्हणजे ‘सुरखी’. फारसीत ‘सुर्ख’ म्हणजे तांबडा. विटा-कौले कुटून केलेल्या तांबड्या भुकटीला आपले गवंडी सुरखी म्हणत आणि ती चुन्यात मिसळून विहिरी व हौद बांधीत. दोन वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील आमचे वडिलार्जित घर उतरविले, तेव्हा फुटक्या कौलांच्या दोन ट्रॉल्या माझ्याच सांगण्यावरून ओढ्याकाठी रिकाम्या झाल्या. शब्द मला ठाऊक होता. वस्तू मात्र मी फेकून दिली. त्या खंतीतून हा विषय निवडला आहे.

नुसता चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कठीण होतो. पाण्याखाली तो घट्ट होत नाही. सुरखी मिसळताच होतो. याचे कारण भट्टीत आहे. चिकणमाती सुमारे ६०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली, की तिच्या स्फटिकांत बद्ध असलेले पाणी निघून जाते, स्फटिकांची रचना मोडते आणि त्यांतील सिलिका व ॲल्युमिना चुन्याशी संयोग पावण्यास सिद्ध होतात. पाण्याच्या सान्निध्यात या संयोगातून दगडासारखे घट्ट होणारे द्रव्य तयार होते. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियस यानेही नदीच्या वा समुद्राच्या वाळूत एक तृतीयांश चाळलेला खापरांचा चुरा घालावा, असे सांगितले आहे.

आजचे पोर्टलंड सिमेंट करताना चुनखडी व माती सुमारे १४५० अंशांवर भाजून ‘क्लिंकर’ बनवितात. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली, तर ४४ किलो कार्बन डायऑक्साइड तिच्यातूनच सुटतो, इंधनाचा वेगळाच. मानवी व्यवहारांतून जगात सुटणाऱ्या या वायूपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा आहे.

सिमेंट पाण्याने घट्ट होताना काही चुना मोकळा होतो. सुरखी नेमका तोच चुना पकडते. म्हणून क्लिंकरचा काही भाग कमी करून त्याजागी विटा-कौलांची बारीक पूड वापरता येते. ती माती एकदा भाजलेलीच असते. दळण्याचा खर्च तेवढा उरतो. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये भाजलेली चिकणमाती व चुनखडी मिसळलेल्या सिमेंटसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले. स्पेनमधील व्हॅलेन्सिया व कास्तेयोन येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी तर विटा, फरशा आणि स्वच्छतागृहांतील चिनी मातीची भांडी दळून, अल्कली द्रवाच्या साहाय्याने क्लिंकरविरहित बंधक द्रव्य तयार करण्याचे प्रयोग केले.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फार उष्णतेवर भाजलेल्या फरशा कमी क्रियाशील असतात. त्या अधिक बारीक दळाव्या लागतात. अशा सिमेंटला आरंभीची ताकद सावकाश येते, म्हणून बांधकामावर अधिक दिवस पाणी मारावे लागते. राडारोड्यात माती व जिप्सम मिसळलेले असेल, तर सारे वाया जाते. म्हणून पहिले काम यंत्राचे नाही, निवडण्याचे आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, ते खडूचा तुकडाही फेकू देत नसत. तुमच्या गल्लीत एखादे जुने घर उतरविले जाईल, तेव्हा विटा-कौले वेगळी रचून ठेवण्यास घरमालकाला सांगा. मला तसे सांगणारे त्या दिवशी कोणी नव्हते.